नानांचा हार घातलेला फोटो

आमच्या बँडचं नवीन गाणं अकरा वाजता येणार होतं, आणि मी साडेदहालाच दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. ‘आमच्या’ म्हणायची मला सवय आहे. बँडमध्ये मी काहीच वाजवत नाही. मला शिट्टीसुद्धा धड जमत नाही. पण खानदेशात ज्याला लग्नाच्या बँडचं वेड असतं तो असंच बोलतो. आमंत्रण नसलं तरी तो हळदीच्या मिरवणुकीत जाऊन उभा राहतो, ऑर्गनवाला बदलला की दोन ओळींत ओळखतो, आणि मुलीच्या लग्नाची तारीख आधी बँडवाल्याला विचारून मग भटजीला विचारतो. माझ्या थोरल्या मुलीच्या वेळी मी तेच केलं. बायको अजून ऐकवते.

हा बँड जळगावकडचा. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती माणसं पायी चालत वाजवायची, गळ्यात ढोल, घामानं भिजलेले लाल कोट. मग गाडी आली, गाडीवर माणसापेक्षा उंच स्पीकर आले. आता चार-पाच वर्षांपासून ते अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ काढतात, तेही साधे नाहीत, पिक्चरसारखे. ड्रोन, धूर, पावसाचा टँकर, सगळं. जुने शौकीन नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. ज्यांना लोक वरातीत ‘बाजूला सरका’ म्हणायचे ती माणसं मोठ्या पडद्यासारखी दिसायला लागली तर माझ्या पोटात का दुखावं?

धुळ्यात माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे. निम्मं काम गेलेल्या माणसांचं. लोक आधार कार्डावरचा फोटो आणतात आणि म्हणतात, जरा हसरा करा. तर गाणं यायच्या दोनेक महिने आधी त्या बँडचा मालक आणि एक तरुण डायरेक्टर माझ्या दुकानात आले. माझ्या दुकानात! मी दोघांना खुर्च्या पुसून दिल्या आणि स्वतः उभा राहिलो. त्यांना एका म्हाताऱ्या माणसाचा, हार घातलेला, भिंतीवर लावायचा फोटो हवा होता. कसलं गाणं, कसली गोष्ट, हे मी विचारलं नाही. देवळात गेल्यावर देवाला कोणी काय चाललंय विचारत नाही.

डायरेक्टर भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, “काका, इतके लटकलेत, त्यातलाच एक द्या ना.”

ते मला पटलं नाही. ती लोकांची माणसं होती. न्यायला यायचे बाकी होते एवढंच. उद्या त्यांच्या घरच्यांनी आपला बाप गाण्यात पाहिला तर? म्हणून मी घरी गेलो आणि आमच्या नानांचा फोटो आणला. नाना, म्हणजे माझे वडील, ऐंशीच्या घरातले, दम्यानं बेजार, पण चांगले जिवंत होते. परक्याचं मेलेलं माणूस देण्यापेक्षा आपलं जिवंत दिलेलं बरं, असं माझं डोकं चाललं. त्या वेळी मला त्यात मोठा प्रामाणिकपणा वाटला होता.

बायको भडकली. “जित्ता माणूसना फोटोले हार घालतस का कोनी?”

नाना मात्र खूश झाले. “घालू दे वं,” ते म्हणाले, “आंगले कावळा शिवना म्हंजे आपुनच खोटा सांगावा धाडतस ना मरनाना? आयुष्य वाढस.” मग, आता सगळे आपल्याला बघणार या हौसेनं, मला हळूच विचारलं, “मी बठ्ठासले दिससू का रे?”

तर त्या दिवशी अकराला मी फोन गोंदाच्या डब्याला टेकवून उभा केला. शेजारच्या टायरवाल्याला सांगून आलो होतो की दहा मिनिटं हवा भरू नको. पहिली कमेंट माझीच गेली पाहिजे म्हणून ती आधीच लिहून ठेवली होती. तरी तिसरी गेली.

सुरुवातीला फक्त तापीचं पात्र. वरून, खूप उंचावरून, पाणी कमी आणि वाळू जास्त, आणि मग खडकावर एक ठिपका. कॅमेरा खाली येतो तसा तो ठिपका माणूस होतो, आणि तो माणूस म्हणजे आमचा क्लॅरोनेटवाला. साठी उलटलेला, गाल आत गेलेले, अंगात कोणीतरी घातलेलं नवंकोरं काळं जाकीट. त्यानं पहिला सूर लावला आणि माझ्या अंगावर काटा आला. मी एकटाच होतो तरी “वा!” म्हणून ओरडलो. या माणसाला मी शेणाच्या सड्यावर, उकिरड्याशेजारी, ट्रॅक्टरच्या धुरात उभं राहून वाजवताना पाहिलंय. आज त्याच्यासाठी कोणीतरी अख्खी नदी मोकळी केली होती. मला रडू आलं, आणि त्या रडण्याचं मला हसूही आलं.

मग गाव. कडुलिंबाला बांधलेला झोका. झोक्यावर पोरी. कपाळाला मळवट भरलेल्या बायका, बसमधून उतरणाऱ्या, पिशव्या, लेकरं. आखाजीचं गाणं होतं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्याकडे तिला दिवाळीपेक्षा मोठा मान. लग्न झालेल्या झाडून साऱ्या बायका त्या सणाला माहेरी येतात. मात्र त्या आपणहून येत नाहीत. माहेरचं कोणीतरी त्यांना आणायला जावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. भाऊ जातो, नाहीतर भावाचा मुलगा. मुराळी आल्याशिवाय माहेरी जाणं म्हणजे बोलावल्याशिवाय जाणं, आणि ते कोणतीच बाई करत नाही, मग ती पन्नाशीची असो.

गाण्यात एक बाई ओट्यावर बसली होती. नवं लुगडं, शेजारी भरलेली पिशवी, डोळे रस्त्याकडे. एक एक करून गल्लीतल्या सगळ्या बाया गेल्या. हिचा मुराळी आला नाही. कॅमेरा रस्त्यावर थांबला. रस्ता रिकामा. मी फोन उचलला, बंद करावा असं वाटलं, आणि तसाच हातात धरून बघत राहिलो.

कारण तसा एक मुराळी मी होतो.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. नानांना एकच बहीण, दोंडाईच्याला दिलेली. मी तिला फुई म्हणतो, आमच्याकडे आत्याला फुईच म्हणतात. नाना दर आखाजीला स्वतः जाऊन तिला आणायचे. त्या वर्षी त्यांचा पाय मुरगळला होता म्हणून आदल्या दिवशी मला धाडलं. “सांग तिले,” ते म्हणाले, “भाऊ वाट देखी ऱ्हायना.” मी सकाळच्या बसनं निघालो. शिंदखेड्याच्या पुढे एका गावात रस्त्यावरच वरात आडवी आली आणि बस थांबली. खिडकीतून मी लाल कोट पाहिले. आमचा बँड! तेव्हा माझं लग्न झालेलं होतं, पदरात एक मुलगी होती, मी काही शाळकरी पोर नव्हतो. तरी उतरलो. म्हटलं अर्धा तास ऐकू, पुढची बस धरू. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. मग कोणीतरी ओढून जेवायला बसवलं. मग बँडवाले दुसऱ्या गावाला निघाले आणि त्यांच्या टेम्पोत जागा होती. भानावर आलो तेव्हा दोंडाईचा एकीकडे राहिलं होतं आणि मी भलतीकडे. सूर्य कलला होता.

घरी जाऊन मी नानांना सांगितलं, “फुई नही म्हने. घर पाव्हना शेतस म्हने.”

एवढं एक वाक्य. नाना ओट्यावर पाय शेकत बसले होते. त्यांनी पायावरचं फडकं नीट केलं. “तिले येवानं नही, ते नही,” म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांनी कोणाला धाडलं नाही. म्हणाले, एकदा नाही म्हणते ती दुसऱ्यांदाही म्हणेल. तिकडे फुईला वाटलं, भावानं मुराळी बंद केला. भाऊबीज गेली, राखी गेली, दोन्हीकडची लग्नं झाली, पत्रिका कोणाच्या तरी हाती गेल्या आणि कोणी कोणाकडे गेलं नाही. मी दर वर्षी ठरवायचो की यंदा सांगून टाकू. खरं सांगायला जितका उशीर होतो तितकं ते जड होत जातं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तर गाण्यात ती बाई वर्षानुवर्षं रुसून बसते, केस पांढरे होतात, आणि शेवटी एक दिवस मुराळ्याशिवायच चालत माहेरी निघते. मागे ढोल नाही, ऑर्गन नाही, फक्त क्लॅरोनेट. ती दार ढकलते. भिंतीवर भावाचा फोटो. हार घातलेला, पुढे दिवा. कॅमेरा सावकाश जवळ जातो आणि अख्ख्या स्क्रीनवर आमचे नाना हसतात. तो फोटो मीच हसरा केला होता.

चार सेकंद. मी नंतर मोजले.

खाली कमेंटी धो धो पडत होत्या, रडणारे चेहरे, जोडलेले हात. एकानं विचारलं होतं, मुराळी का आला नाही ते दाखवलंच नाही. दुसऱ्यानं उत्तर दिलं होतं, अरे भाऊ वारला ना, कसा येणार? मी शटर वर केलं. टायरवाल्यानं विचारलं, “कसं व्हतं गानं?” मी म्हणालो, एक नंबर. खोटं नव्हतं ते. गाणं खरंच एक नंबर होतं, तीच तर पंचाईत होती.

पुढचं जे झालं ते कोणाच्या वाईटावर टपून झालेलं नाही. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा हार घातलेला फोटो, खाली दिवा आणि मागे रडकी धून असा छोटा तुकडा लोक आपापल्या स्टेटसला लावतात. बँडच्या कुठल्या तरी चाहत्यानं गाण्यातला नेमका तोच तुकडा कापला आणि स्टेटसला ठेवला. त्याला क्लॅरोनेट आवडलं असणार, दुसरं काय. तो तुकडा एका फोनवरून दुसऱ्या फोनवर गेला, गाण्याचं नाव मागेच राहिलं, आणि दोन दिवसांत शिरपूरपासून चाळीसगावपर्यंतच्या आमच्या सगळ्या भाऊबंदांत नाना वारले.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाना ओट्यावर सावलीला बसून चहा पीत होते. मी दुकानात जायच्या गडबडीत चपला शोधत होतो. गल्लीच्या तोंडाशी एक गाडी थांबली आणि पाच-सहा बाया उतरल्या. त्यांनी पदर तोंडावर ओढले आणि तिथूनच हंबरडा फोडला. याला आमच्याकडे दारावर येणं म्हणतात. माणूस गेलेल्या घरी असंच यायचं असतं, गल्लीच्या टोकापासून रडत. पुढची बाई छाती बडवत होती, “मन्हा भाऊ रे, मन्हा भाऊ!” म्हणत होती. आवाज मी ओळखला. अठरा वर्षांत तो थोडा फाटला होता.

नाना कप हातात घेऊन उठले. तोंडावर पदर असल्यामुळे त्यांना कोणी ओळखू आलं नाही. शेजारी कोणाकडे तरी काही झालंय असं त्यांना वाटलं. दोन पावलं पुढे होऊन त्यांनी काळजीनं विचारलं, “कोन मरनं वं बाई?”

फुईनं पदर वर केला. मला वाटलं ती तिथंच पडते. रडणं तोंडातच थांबलं, तोंड तसंच उघडं राहिलं. मग तिनं नानांच्या हाताला, खांद्याला, टोपीला हात लावून पाहिला, आणि एकदम ओरडली, “जित्ता शे! मन्हा भाऊ जित्ता शे व माय!” चहा दोघांच्या अंगावर सांडला. बाकीच्या बाया काय करावं न कळून थोडा वेळ रडतच राहिल्या. मग एक हसली आणि सगळ्याच हसायला लागल्या.

मी फोन आणला, गाणं दाखवलं, फोटो कसा दिला ते सांगितलं. फुईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. “मन्हा भाऊले मारी टाकं रे तू!” अंगणात खाट टाकली, बायकोनं चहा परत ठेवला. नाना आणि फुई शेजारी शेजारी बसले होते. नाना तिच्या हाताकडे बघत होते, त्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. मला वाटलं, सुटलो. न सांगताच सुटलो. माझ्या बँडनं केलेली चूक माझ्या बँडनंच निस्तरली.

मग नाना लाडानं म्हणाले, “मरनवर उनी तू. आखाजीले ते नही म्हनेल व्हती.”

फुईनं कप खाली ठेवला. “मी नही म्हनेल? कोन उनं व्हतं मले लेवाले? गल्लीमधल्या बठ्ठ्या बाया गयात माहेरले. मी पिशवी भरीसन वट्टावर बठेल व्हतू.”

नानांनी आणि बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मुराळी कोण होता हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बोलायचं तर तीच वेळ होती. चार बाया हसऱ्या तोंडानं बसलेल्या, दोघं जवळ जवळ, मी खरं बोललो असतो तर फार तर आणखी एक धपाटा मिळाला असता. मला आज हे इतकं स्वच्छ दिसतं. तेव्हा माझी जीभ घाईघाईनं म्हणाली, “मी उनू व्हतू फुई. घरले कुलूप व्हतं.”

बोललो आणि नानांचा चेहरा पाहिला. अठरा वर्षांपूर्वी मी त्यांना सांगितलं होतं की फुई नाही म्हणाली, घरी पाहुणे आहेत. आता म्हणत होतो, कुलूप होतं. नाना म्हातारे झाले होते, पण ती दोन वाक्यं शेजारी ठेवून बघण्याइतकं त्यांचं डोकं शाबूत होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. नवीन माणूस घरात आल्यावर बघतात तसं.

“कुलूप?” फुई म्हणाली, “मी दिवसभर वट्टावरथून हालनू नही.” तिचा आवाज चढला. “खरं सांग रे, तुले धाडं व्हतं का नही?”

मी काही बोलायच्या आत नाना बोलले. “त्याले नको इचारू. मीच धाडं नही कोनले. मी रागमा व्हतू तुन्हावर.”

“कसाना राग?”

“आते याद नही.”

त्यांनी हे तिच्याकडे न बघता सांगितलं. आपल्या पोराला चार बायांत खोटारडा ठरू देणार नाही, एवढंच त्यात होतं, आणि त्यासाठी त्यांनी नुकतीच परत मिळालेली बहीण देऊन टाकली. मी खाटेच्या पायाशी उभा होतो. मी तोंड उघडलं नाही. आजवर स्वतःला पुष्कळ शिव्या घातल्यात, पण त्या क्षणासाठी पुरेल अशी शिवी मला सापडलेली नाही.

फुई उठली. बाकीच्या बायाही उठल्या. ओट्याच्या पायरीवर तिनं मागे वळून नानांकडे पाहिलं. “मरेल भाऊ बरा व्हता,” म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.

त्या दिवशीही नाना मला काही बोलले नाहीत, नंतरही नाही. एक मात्र सुरू झालं. रोज दुपारी मी जेवायला घरी आलो की ते म्हणायचे, “मन्हं मरन लाव रे.” मला फोन लावून द्यावा लागायचा. ते खाटेवर उशीला टेकून बघायचे, मी शेजारी बसायचो. बँडच्या ज्या गाण्यासाठी मी दुकान बंद केलं होतं त्या गाण्याची आता मला धास्ती बसली. नानांना क्लॅरोनेटशी घेणं-देणं नव्हतं. झोका, पोरी, बस यांच्याकडे ते बघायचेच नाहीत. ओट्यावरची बाई आली की उठून बसायचे. रिकामा रस्ता आला की थांबवायला सांगायचे. मी थांबवायचो. आम्ही दोघं रिकाम्या रस्त्याकडे बघत बसायचो. मग ते म्हणायचे, “चालू कर.”

ते मला बोलायची संधी देत होते की शिक्षा करत होते, हे मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही नसेल. बहुतेक ते फक्त बहिणीकडे बघत असतील. रस्ता थांबलेला असायचा, पंख्याची घरघर असायची, आणि माझ्या तोंडात ते वाक्य तयार असायचं. रोज. मग मी हात धुवायला उठायचो.

कार्तिकात त्यांचा दमा बळावला. दवाखान्यात नेलं, नाकातोंडावर मास्क लावला. पाचव्या दिवशी ते कोणाला ओळखेनासे झाले. सहाव्या दिवशी मी त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं, बस, वरात, टेम्पो, सगळं. ज्याला ऐकू येत नाही त्याला सांगणं याला सांगणं म्हणत नाहीत, हे मला ठाऊक आहे. सातव्या दिवशी सकाळी ते गेले.

मी स्टेटस ठेवलं. दुसरा फोटो शोधायचं सुचलं नाही. फ्रेम शूटिंगवरून परत आलेली, तयार होती, तोच फोटो टाकला. पाच मिनिटांत उत्तरं यायला लागली. हसणारे चेहरे. “दुसरा भाग निघाला का भाऊ?” “नाना शतक मारणार.” “यावेळी फसणार नाही.” मी एकेकाला फोन लावून सांगत बसलो की नाही हो, खरंच गेले. खरंच म्हणजे खरंच. एका चुलतभावानं तर नानांनाच फोन द्यायला सांगितलं. ज्यांनी सहा महिन्यांपूर्वी एका तुकड्यावर विश्वास ठेवला होता ते आता माझ्या तोंडावर ठेवायला तयार नव्हते. दुपारी प्रेत उचललं तेव्हा गल्लीतली माणसं आणि आम्ही, एवढेच होतो. बँडच्या मालकाचा फोन आला होता, आम्ही येतो, वाजवत नेऊ, म्हाताऱ्या माणसाला मान असतो. मी नको म्हणालो. उभ्या आयुष्यात मी त्या बँडला पहिल्यांदा नको म्हणालो.

फुईच्या मुलाला मी सकाळीच कळवलं होतं. त्यानं फोन तिच्याकडे दिला. मी म्हणालो, फुई, नाना गेले, यावेळी खरं आहे, तुझी शपथ.

“एकदाव रडी लिधं मी,” ती म्हणाली. “एक भाऊले दोनदाव नही रडतस.”

ती आली नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही.

सगळे विधी आटोपल्यावर मी दोंडाईच्याला गेलो. सकाळच्याच बसनं. वाटेत कुठं उतरलो नाही. फुई ओट्यावर बसली होती, समोर लाल मिरच्यांचा ढीग, ती देठं खुडत होती. तिनं मला बस म्हटलं नाही, ऊठही म्हटलं नाही. मी पायरीवर बसलो आणि सांगितलं. सुरुवातीपासून. नानांचा पाय मुरगळला होता ते. वरात आडवी आली ते. घरी जाऊन काय बोललो ते. त्या दिवशी अंगणात कुलपाचं जे बोललो ते, आणि नानांनी ते आपल्या अंगावर का घेतलं ते. सांगायला दहा मिनिटंही लागली नाहीत. अठरा वर्षं ज्याचं ओझं वाटत होतं ते दहा मिनिटांत संपलं, आणि मला जराही हलकं वाटलं नाही.

तिचे हात थांबले नव्हते. “त्यानी मन्हा तोंडवर सांगं,” ती म्हणाली, “मीच धाडं नही.”

“मले वाचाडाले, फुई.”

“आनि मी त्याले काय बोलनू?”

ती काय बोलली होती ते आम्हा दोघांनाही शब्दन्‌शब्द पाठ होतं. तिनं डाव्या हाताचा तळवा ओट्याच्या फरशीवर टेकवला. आतून सुनेनं डोकावून पाहिलं आणि परत गेली. मला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर मला हाकलून देईल. दोन्हीची मी तयारी करून आलो होतो.

“काय वाजाडी ऱ्हायंतात रे त्या?” तिनं विचारलं.

“कोन?”

“तुन्हा बँडवाला. त्या दिवशी. तू बसमाईन उतरना तव्हय काय गानं चालू व्हतं?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आपला भाऊ कशापायी गेला हे माणूस विचारतं तसं. मी सांगायला तोंड उघडलं. या बँडनं कुठल्या वर्षी कुठलं गाणं बसवलं, कोणत्या गावच्या हळदीत कितीदा वाजवलं, हे मला झोपेतून उठवून विचारा, मी सांगेन. मी ती बस आठवली, खिडकी आठवली, लाल कोट आठवले, फुगलेले गाल आठवले. ढोलावर पडणारी काठी दिसली. आवाज येईना.

“याद नही, फुई,” मी म्हणालो.

अंगणात नानांनीही तिला हेच सांगितलं होतं. मग तिनं मान वळवली आणि त्यानंतर एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी परतीच्या बसची वेळ होईपर्यंत तिच्यासमोर बसून देठं खुडली आणि ते गाणं आठवत राहिलो. आठवलं नाही.